गाणाऱ्या मुलीला नाटक मिळतं तेव्हा

आशालता वाबगावकर नाटकात आल्या त्या गाण्याच्या वाटेनं. जन्म गोव्याचा, शाळा मुंबईत गावदेवीच्या सेंट कोलंबात, आणि आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर म्हटलेली काही कोकणी गाणी. दि गोवा हिंदु असोसिएशननं राज्य नाट्यस्पर्धेसाठी ‘संगीत संशयकल्लोळ’ करायला घेतलं आणि त्यातली रेवती त्यांच्या वाट्याला आली. पुढं हिंदी-मराठी चित्रपटांनी त्यांना घरोघरी पोहोचवलं. त्यामुळं आज त्यांचं नाव काढलं की पडद्यावरची सोशिक आई किंवा काकू डोळ्यांपुढं येते आणि रेवती मागं पडते. पण एखाद्या गाणाऱ्या मुलीचं नाटकाच्या मंडळीत जाऊन नेमकं काय होतं, हे पाहायचं असेल तर त्या रेवतीपासूनच सुरुवात करावी लागते.

गोवा हिंदु असोसिएशनला लहान संस्था म्हणणं आज जड जाईल. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ १९६२ मध्ये तिनंच रंगमंचावर आणलं आणि १९७० मध्ये ‘नटसम्राट’ही तिनंच. पण मुळात ही माणसं आपसांत जमलेली. १९१९ साली मुंबईत स्थापना झाली ती पोर्तुगीज अमलातल्या गोव्यातून पोटापाण्यासाठी इकडं आलेल्या लोकांना एकमेकांचा आधार असावा म्हणून. नाटक नंतर आलं आणि आलं तेही धंदा म्हणून नाही. कला विभागाची मंडळी दिवसा नोकऱ्या करायची आणि संध्याकाळी तालमीला जमायची. गिरगावातल्या चाळींत राहणाऱ्या, सुटीत गावच्या जत्रेला जाणाऱ्या या माणसांना नाटक करण्यासाठी वेगळं कारण शोधावं लागत नव्हतं. ते त्यांच्या गावीच होतं.

गोव्यातल्या देवळांच्या उत्सवात नाटक हे पालखीइतकंच ठरलेलं असतं. रात्री देवाचं सगळं आटोपलं की देवळाच्या आवारात घंटा होते, नांदी सुरू होते आणि ‘सौभद्र’, ‘शारदा’, ‘मृच्छकटिक’, ‘मानापमान’ यांतलं काहीतरी पहाटेपर्यंत चालतं. नट गावातलेच. शाळेतला मास्तर, किराणा दुकानवाला, बागायती सांभाळणारा, मुंबईहून रजा काढून आलेला कारकून. काकानं केलेला कृष्ण पुतण्या करतो, आणि काकाची जागा पुतण्यानं कशी घेतली याची चर्चा दुसऱ्या दिवशी तिठ्यावर होते. प्रेक्षकांतल्या निम्म्या जणांना पदं पाठ असतात. असा प्रेक्षक फार कडक. सूर घसरला तर तो गप्प राहील, पण ठरलेली जागा सुटली तर पुढच्या जत्रेपर्यंत ऐकवेल.

या मातीतून आलेली नावं सहज आठवतात. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर आणि तिथलेच जितेंद्र अभिषेकी. बांदिवड्याच्या दुर्गा केळेकर, म्हणजे ज्योत्स्ना भोळे. म्हापशाचे रामदास कामत. देवळांच्या सेवेत असलेल्या कलावंत घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गाणं सांभाळलं. दीनानाथांच्या आई येसूबाईही त्यांतल्याच. त्या गाण्याला कीर्तन-भजनाची जोड मिळाली आणि वर ही उत्सवी नाटकं. गाणं आणि गोष्ट एकत्रच कानावर पडत गेल्यावर गाता गळा नाटकाकडं वळणारच.

पण कानावर पडणं वेगळं आणि रंगमंचावर उभं राहणं वेगळं.

रागदारी शिकलेली मुलगी पहिल्यांदा तालमीला येते तेव्हा तिचं आणि मंडळींचंही लक्ष पदांवर असतं. पदं तिला लवकर बसतात. अडतं ते पदाच्या आधीच्या वाक्यापाशी. बैठकीत तंबोरे लागलेले असतात, ती स्वस्थ बसलेली असते, डोळे मिटून षड्ज लावायला तिला हवा तेवढा वेळ असतो. इथं ती नऊवारी नेसून उभी असते. समोरच्या नटाशी तिचं भांडण चाललेलं असतं, आवाज चढलेला असतो, अर्धा श्वास संवादात खर्ची पडलेला असतो आणि त्या भांडणातूनच पद उचलायचं असतं. तंबोरा नसतो. तिच्या शेवटच्या वाक्याखाली ऑर्गनवाला हलकेच सूर धरून ठेवतो. तो सूर ऐकत-ऐकत वाक्य संपवायचं, शेवटचं अक्षर षड्जाच्या आसपास आणून सोडायचं आणि मध्ये फट न ठेवता पदाची उचल करायची. सूर शोधायला ती क्षणभर जरी थांबली, घसा साफ केला किंवा नजर ऑर्गनकडं गेली, तरी प्रेक्षकांपुढं रेवती राहत नाही, एक गायिका उरते. आणि हे प्रेक्षकांना नेमकं कळतं.

मुरलेला तालीममास्तर म्हणूनच नव्या मुलीला आधी पद म्हणूच देत नाही. पदाच्या आधीची चार-पाच वाक्यं आणि नंतरची दोन, एवढंच पुन्हा-पुन्हा बोलायला लावतो. नंतरची दोन वाक्यंही तितकीच अवघड. टाळ्या चालू असतात, गळा अजून गाण्याच्या पट्टीत असतो आणि तिला बोलण्याच्या आवाजावर उतरून राग किंवा लाज किंवा जे काही असेल ते जिथं सोडलं होतं तिथूनच धरायचं असतं. त्यात प्रेक्षकांतून ‘वन्समोअर’ आला तर सगळं पुन्हा. नुसतं पद पुन्हा म्हणून भागत नाही. पद सुरू झालं तेव्हाच्या मनःस्थितीत तिला परत जावं लागतं आणि समोरच्या नटालाही.

समोरच्या नटाचं काम तर कुणी मोजतही नाही. ती तीन-चार मिनिटं गाते तेव्हा तो काय करत असतो? ऐकत असतो, आणि ऐकणं दिसावं लागतं. बैठकीत दाद देणारा श्रोता असतो. इथं जो ऐकतो आहे त्याच्याचबद्दल ते गाणं असतं, त्याच्यावरचा राग किंवा त्याच्याकडची मागणी त्यात असते. म्हणून तिला डोळे मिटता येत नाहीत. अनेक गाणाऱ्या मुलींना ही सवय सोडताना फार जड जातं. डोळे उघडले की सूर हलतो असं त्यांना वाटतं. काही तालमींनंतर हळूहळू उलट होऊ लागतं. समोरच्याकडं बघितल्यानं तान कुठं थांबवायची ते आपसूक कळतं, कारण त्याच्या चेहऱ्यावर उत्तर आलेलं असतं.

शब्दांचीही तीच गत. ख्यालात शब्द सुराला टेकू देतात आणि पुष्कळदा विरघळून जातात. पदात त्यांना विरघळू देता येत नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसाला गोष्ट कळायची असेल तर जोडाक्षरंसुद्धा स्वच्छ ऐकू आली पाहिजेत. ‘सौभद्रा’तली पुष्कळशी पदं तर संवादच आहेत. कुणी काही विचारतंय, कुणी टोमणा मारतंय, कुणी समजूत घालतंय. अण्णासाहेब किर्लोस्करांनी चाली घेतल्या त्या साकी-दिंडीपासून कानडी गाण्यांपर्यंत, बायकांच्या गाण्यांपासून कीर्तनापर्यंत. त्या चाली बोलण्याच्या जवळ होत्या म्हणूनच त्यांना त्या हव्या होत्या. त्यांच्या ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात झाले. त्या नाटकातल्या पदांची संख्या दोनशेच्या आसपास जाते. इतकी पदं केवळ गाण्यासाठी कुणी लिहीत नाही. ती नाटक पुढं नेण्यासाठी लिहिलेली असतात.

आता ऑर्गन. पायानं भाता मारायचा असल्यामुळं वाजवणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे असतात आणि सूर अखंड, भरदार राहतो. हार्मोनियमला एक हात भात्यावर अडकतो. रंगमंचापुढं किंवा विंगेजवळ बसलेला ऑर्गनवाला सबंध प्रयोगभर गाणाऱ्याच्या ओठांकडं पाहत असतो. कुणी एखादं वाक्य गाळलं, कुणाचा आवाज त्या दिवशी बसलेला आहे, कुणी घाबरलंय, हे दिग्दर्शकाच्या आधी त्याला समजतं. नव्या मुलीला खरा आधार त्याचाच. दोघांचं पद असेल तर पट्टी कुणाची धरायची, हा बाई आणि पुरुष यांच्या आवाजांमधला जुना प्रश्न आहे आणि त्यातून वाट काढतो तोही हाच. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा होते, सारंगीवर कादरबक्ष होते. साथ ही त्या काळी किती मोलाची मानली जायची हे त्यावरून कळावं. हौशी मंडळीला थिरकवा कुठून मिळणार? तिथं साथीला गावातलाच तबलजी असतो. मात्र तो त्या मुलीबरोबर महिनाभर तालमीला बसलेला असतो आणि तेवढ्यावर बरंच निभावतं.

रेवतीची भूमिका नवशिक्या गायिकेला मिळणं हे भाग्य. ‘संशयकल्लोळ’ची गोष्ट मराठीत आली ती लांबून. फ्रान्समध्ये मोलिएरनं एक प्रहसन लिहिलं, त्यावरून आर्थर मर्फीनं इंग्रजीत नाटक केलं आणि त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिलं. ते गद्य होतं. त्याचं संगीत रूप १९१६ चं. एक तसबीर भलत्याच्या हाती पडते आणि चार माणसं एकमेकांवर संशय घेत सुटतात, एवढंच कथानक. रेवती गाण्याचा पेशा असलेल्या घरातली. अश्विनशेठवर तिचं खरं प्रेम आहे आणि त्याला तिचा संशय येतो. प्रेक्षक हसत असतात तेव्हा तिचं काळीज मात्र जळत असतं. हसणाऱ्या नाट्यगृहात दुखावलेल्या बाईचं पद गायचं, ते हसू न मोडता आणि दुःखही खोटं न वाटू देता, याला गाणं पुरत नाही. विनोदाची वेळ सांभाळावी लागते आणि ती बैठकीत कुणी शिकवत नाही. आशालताबाईंना हे शिकवायला गोपीनाथ सावकार होते. नाटकातले आपले गुरू म्हणून त्यांचंच नाव त्या घ्यायच्या.

गाणारं पोर नाटकात जाण्याची परंपरा तशी संगीत नाटकाइतकीच जुनी. भाऊराव कोल्हटकर १८८२ मध्ये बडोद्याहून किर्लोस्कर मंडळीत आले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. आल्यावर शकुंतला झाले आणि त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला ‘सौभद्रा’तली सुभद्रा. लोक त्यांना लाडानं भावड्या म्हणत. ते १९०१ मध्ये गेले आणि मंडळीला तसा गळा मिळाला तो १९०५ मध्ये, सतरा वर्षांच्या नारायण श्रीपाद राजहंसांच्या, म्हणजेच बालगंधर्वांच्या, रूपानं. केशवराव भोसले तर अगदी लहानपणीच स्वदेशहितचिंतक मंडळीत दाखल झाले आणि १९०८ मध्ये हुबळीला त्यांनी स्वतःची ललितकलादर्श काढली, वय अठराच्या आतबाहेर. दीनानाथही पोरवयातच किर्लोस्करमध्ये आले आणि १९१८ मध्ये सोबत्यांसह बलवंत संगीत मंडळी काढून बाहेर पडले. या पोरांसाठी कंपनी म्हणजे घरच होतं. जेवणखाण तिथं, तालीम तिथं, गाण्याचा वस्तादही कंपनीनंच आणलेला. नारायणरावांना भास्करबुवा बखले मिळाले आणि १९१६ च्या ‘स्वयंवरा’ला त्याच बुवांनी चाली दिल्या. बलवंतच्या नाटकांना पुढं वझेबुवांनी चाली दिल्या.

मुलींना हे घर मोकळं नव्हतं. सुभद्रा आणि शकुंतला पुरुष करत होते. मुलींसाठी होत्या त्या निराळ्या, बायकांच्याच मंडळ्या. गोव्यातल्या कुर्डीची मोगूबाई लहानपणी आधी गोव्याच्या चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत होती आणि मग सातारकर स्त्री संगीत मंडळीत. पुढं सांगलीत तिचा रियाज अल्लादियाखाँसाहेबांच्या कानावर पडला आणि ती मोगूबाई कुर्डीकर झाली, जयपूर घराण्याची मोठी गायिका.   मोगूबाई नाटकातून बैठकीत गेल्या आणि बैठकीच्याच झाल्या. नाटक त्यांच्या गाण्यात किती उरलं हे सांगणं अवघड आहे. पण एवढ्या लहान वयात हजार माणसांसमोर उभं राहून आवाज टाकण्याची हिंमत त्या मंडळ्यांत घडली, यात शंका नाही.

पुरुषांबरोबर उभं राहून, आपल्या नावानं, शिकल्यासवरल्या मुलीनं गाण्याचा मोठा क्षण आला तो १ जुलै १९३३ रोजी, नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात. हीसुद्धा तशी छोटीच मंडळी. कंपन्यांच्या डामडौलाला विटलेली, नवं नाटक करू पाहणारी काही माणसं एकत्र आली होती. नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी संहिता केली, संगीत केशवराव भोळ्यांचं आणि बिंबा झाल्या एकोणीस वर्षांच्या ज्योत्स्नाबाई. गाणी मोजकी होती. पेटी-तबल्याचा लवाजमा, तानांची आतषबाजी, काही नाही. घरातली मुलगी घरात गाते तसं गायचं होतं. कंपनीच्या नाटकांवर वाढलेल्या कानांना हे किती नवं वाटलं असेल याची कल्पना करावी. गाणं नाटकाच्या मापात बसवायचा तो पहिला मोठा प्रयत्न होता आणि तो एका पेढीवाल्या कंपनीकडून झाला नाही, चार हौशी माणसांच्या मंडळीकडून झाला, हे मुद्दाम नोंदवायला हवं.

त्यानंतर तीसएक वर्षांनी तसंच पुन्हा घडलं. संगीत नाटक संपलं असं म्हटलं जात होतं. गोवा हिंदु असोसिएशननं वसंत कानेटकरांचं ‘मत्स्यगंधा’ घेतलं, दिग्दर्शन मास्टर दत्ताराम यांचं आणि संगीतासाठी जितेंद्र अभिषेकी. अभिषेकी तोवर नाटकाला नवखेच होते. १ मे १९६४ ला पहिला प्रयोग झाला. पराशर झाले रामदास कामत आणि सत्यवती झाल्या आशालताबाई, जेमतेम बावीस वर्षांच्या.

‘मत्स्यगंधा’ची पदं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. अभिषेकींनी ती लांबू दिली नाहीत. बालगंधर्वांच्या काळात वन्समोअरवर वन्समोअर होऊन नाटक पहाटेला टेकायचं, रसिक तृप्त व्हायचे आणि गोष्ट मात्र कुठंतरी मागं राहायची. अभिषेकींनी रागाचा रंग तेवढा ठेवला, पसारा आवरला. कोण गातंय, कुठल्या क्षणी गातंय, यावरून चाल ठरवली. सत्यवती नाटकाच्या सुरुवातीला नाव वल्हवणारी कोळ्याची पोर आहे, मग फसवली गेलेली प्रेयसी, मग राणी आणि शेवटी आपल्याच हट्टाचे परिणाम पाहत बसलेली म्हातारी. बावीस वर्षांच्या मुलीला आपला आवाज नाटकाबरोबर वाढवत न्यायचा होता. अशी मागणी गाण्याच्या कुठल्याही बैठकीत कुणी करत नाही. बैठकीत आवाजानं तरुणच राहायचं असतं. इथं आवाजाला म्हातारपण यायला हवं होतं, आणि तेही सुराला धक्का न लावता. आशालताबाईंनी नंतर आठवणींचं पुस्तक लिहिलं त्याला नाव दिलं ‘गर्द सभोवती’. ते याच नाटकातल्या त्यांच्या एका पदाचे पहिले दोन शब्द. शंभरावर चित्रपट केलेल्या बाईनं आयुष्याला नाव शोधायला वीस-बावीस वर्षांच्या वयातल्या या भूमिकेकडं परत यावं, यात या भूमिकेनं तिला काय दिलं ते सगळं आलं.

१९६६ मध्ये त्याच संस्थेनं शिरवाडकरांचं ‘ययाति आणि देवयानी’ केलं. त्यातला कच कामतांचा. रामदास कामत एअर इंडियात नोकरीला होते. दिवसा कचेरी, रात्री प्रयोग आणि पुन्हा सकाळी कचेरी, असा त्यांचा दिनक्रम. इतका मोठा गायक नट नोकरीच्या आधारानं उभा राहिला यात कमीपणा नाही. उलट त्यामुळं कंत्राटदाराच्या धाकानं वाटेल ते गायची पाळी आली नाही. पण याचा भार पडतो तो गळ्यावर. दिवसभर फोनवर बोलून, लोकलच्या गर्दीतून उभ्यानं प्रवास करून रात्री साडेआठला तार षड्ज लावायचा, हे काम सोपं नव्हे, आणि आज हौशी मंडळीत शिरणाऱ्या प्रत्येक मुलीपुढं तेच काम वाढून ठेवलेलं आहे.

त्या मुलीला आज गाण्यासाठी जागा कमी नाहीत. दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धा आहेत, नाट्यगीतांच्या मैफली आहेत, दिवाळी पहाट आहे. या मैफलींमुळं पदं लोकांच्या ओठांवर राहिली, ते उपकार मान्य करायलाच हवेत. पण तिथं पदाचं अर्धंच शिक्षण होतं, असं ठामपणे म्हणावंसं वाटतं. ‘सौभद्रा’तलं पद चार वर्षं मैफलींतून गाणाऱ्या मुलीला ते सुभद्रा कुणाला उद्देशून म्हणते, त्या वेळी तिच्या समोर कोण उभं आहे, त्याआधी बलरामानं तिचं लग्न कुणाशी ठरवलं आहे, हे विचारलं तर पुष्कळदा सांगता येत नाही. दोष तिचा नाही. तिला ते पद तसंच मिळालं, ध्वनिमुद्रिकेवरून, निवेदकाच्या दोन ओळींसकट. परीक्षक तानेला गुण देतात म्हणून ती तान वाढवते. त्या तानेचा सुभद्रेशी काही संबंध उरत नाही.

तिला जर एखाद्या मंडळीत सुभद्राच मिळाली तर महिन्याभरात ती तान तिची तीच छाटते. कुणी सांगावं लागत नाही. समोर अर्जुन संन्याशाच्या वेषात उभा असतो आणि त्याला तिनं ओळखलेलं नसतं. तिचं दुःख खरं, त्याची चोरटी खुशी खरी आणि दोन्ही माहीत असलेला प्रेक्षक समोर. या तिघांच्या मध्ये तान किती मावते हे तिचं तिला उमगतं. शिवाय ती तालमीला बसल्या-बसल्या इतरांचं नाटक पाहते. रुक्मिणी करणाऱ्या वयस्क बाई वाक्य कसं टाकतात, कृष्ण करणारा बँकेतला माणूस हसू कुठं दाबतो, प्रॉम्प्टर कुणासाठी जास्त सावध असतो. साडीच्या निऱ्या तिथलीच कुणीतरी बाई घालून देते. दागिन्यांची पेटी मंडळीचीच, मोत्यांचे सर जुने. तोंडाला रंग लावायचा, टोपाच्या पिना टोचायच्या, चहाचे पेले गोळा करायचे. या सगळ्यातून एक गोष्ट तिच्या अंगी मुरते: आपलं पद सुरू होईपर्यंत विंगेत उभं राहून दुसऱ्याचं पद मनापासून ऐकायची सवय. एकट्यानं मैफल करणाऱ्या गायिकेला ही सवय लावून घेण्याचं कारणच पडत नाही.

अशी ठिकाणं अजून आहेत. पुण्याचं भरत नाट्य संशोधन मंदिर १८९४ मध्ये विद्यार्थ्यांचा क्लब म्हणून सुरू झालं आणि आजही तिथं संगीत नाटकं होतात. जयराम आणि जयमाला शिलेदारांनी १९४९ मध्ये सुरू केलेली ‘मराठी रंगभूमी’ कीर्ती शिलेदारांनी २०२२ पर्यंत, म्हणजे अगदी शेवटापर्यंत, गाती ठेवली. किती तरी मुलं-मुली तिथं पहिल्यांदा तोंडाला रंग लावून उभी राहिली. कोकणात आणि गोव्यात गावोगावच्या मंडळ्या आहेत. महाराष्ट्र शासन संगीत नाटकांची वेगळी राज्यस्पर्धा घेतं. गोव्यात कला अकादमीच्या नाट्यस्पर्धा होतात. या स्पर्धांमुळं दर वर्षी काही नवे गळे नाटकात येतात आणि जुन्या संहितांवरची धूळ झटकली जाते.

अडचणी दोन. पहिली ऑर्गनची. चांगले ऑर्गन बहुतेक जुने आणि परदेशी बनावटीचे. त्यांचे भाते फाटतात, पट्ट्या अडकतात आणि ते दुरुस्त करणारे हात थोडेच उरलेत. वाजवणारे त्याहून थोडे. तबला शिकणारी मुलं पुष्कळ आहेत, पण नटाच्या ओठांकडं पाहत तीन अंक साथ करायला बसेल असा तरुण ऑर्गनवादक मिळवताना मंडळ्यांची दमछाक होते. मग कीबोर्ड आणून वेळ मारून नेली जाते. नव्या मुलीच्या वाक्याखाली हलकेच सूर धरणं कीबोर्डलाही जमेल, पण ते करणारा माणूस तालमीला रोज यायला हवा.

दुसरी अडचण मोठी. स्पर्धेसाठी बसवलेल्या नाटकाचा पुष्कळदा एकच प्रयोग होतो. तीन महिने तालीम, उसनवारीनं आणलेले पडदे, रजा टाकून आलेली माणसं, आणि एका रात्रीत सगळं आटोपतं. निकाल लागतो, प्रमाणपत्र मिळतं, मंडळी पांगतात. पहिल्या प्रयोगात कुठलीही नवी गायिका आपल्या भीतीशीच झुंजत असते. रेवती तिला सापडू लागते ती त्यानंतर, जेव्हा प्रेक्षक कुठं हसतो ते कळलेलं असतं आणि ऑर्गनवर विश्वास बसलेला असतो. आशालताबाईंची सत्यवती प्रयोगागणिक घडली. नाटक दौऱ्यावर होतं, गाव बदलत होतं, नाट्यगृह बदलत होतं आणि दाद देण्याची तऱ्हाही बदलत होती. आजच्या मुलीला तेवढे प्रयोग कुणी द्यायचे? गावोगावच्या उत्सव समित्या दर वर्षी कार्यक्रमांवर खर्च करतात, त्यात वाद्यवृंद असतो, विनोदी कार्यक्रम असतो. त्यांनी आपल्या जिल्ह्यातल्या स्पर्धेत झालेलं एक संगीत नाटक दर वर्षी बोलवायचं ठरवलं, पालिकांनी अशा प्रयोगांसाठी नाट्यगृहाचं भाडं कमी केलं, तर एका हंगामात पाच-सात प्रयोग सहज होतील, आणि या वर्षी स्पर्धेत पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या सुभद्रेला पुढच्या जत्रेत दुसऱ्यांदा उभं राहता येईल.